संगणकावरील युद्धखेळ : नियमांतील चुका आणि खेळाडूंचा त्रागा

प्रतिस्पर्ध्याने हरवले तर खेळाडू हार मानतो; नियमानेच दगा दिला तर मात्र तो चिडतो. संगणकावरील युद्धखेळांविषयी जगभर जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ येथे आहे. रसद पोचलेली असूनही पलटण उपाशी ठरते, पुढे सरकवलेली तुकडी नकाशावरून नाहीशी होते, कित्येक रात्री चाललेला डाव जतन करूनही पुन्हा उघडत नाही. आणि दुरुस्ती यायला महिने लागतात. हा पोरकट हट्ट म्हणून सोडून देण्याऐवजी त्याची कारणे तपासणे उद्बोधक ठरेल.

पटावरील नियम

सांगलीला युद्धखेळ नवा नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये येथे नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. बुद्धिबळ हा मुळात चतुरंग सेनेचाच खेळ. जुन्या देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः पहिल्या खेपेसही एकच घर सरके; आजचा किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. प्रांतोप्रांती यात फरक असत. म्हणून डाव मांडण्यापूर्वीच दोघे नियम ठरवून घेत आणि तंटा पटावरच मिटे.

नियम बदलले की खेळाडूला किंमत मोजावी लागते, हेही खरे. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीवर वाढला. युरोपीय नियम त्याला नव्याने शिकावे लागले व डावाची सुरुवात ही त्याची कच्ची बाजू राहिली. तरीही १९२९, १९३२ व १९३३ असा तीनदा तो ब्रिटिश विजेता झाला. नवे नियम अवघड होते, पण उघड होते. म्हणूनच ते शिकता आले.

पंचाची जागा यंत्राने घेतली

प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइसविट्झ यांचा युद्धखेळ नकाशा, फासे व पंच यांच्या साहाय्याने खेळला जाई. पुढे अधिकारी त्यातील नियमांच्या जंजाळाला कंटाळले. तेव्हा १८७६ मध्ये फॉन फेर्दी यांनी बरेचसे नियम बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. नियम चुकला तर तो सावरायला माणूस समोर होता.

१९८० मध्ये 'कॉम्प्युटर बिस्मार्क' हा खेळ अमेरिकेत विक्रीस आला, आणि अशा खेळांत पंचाचे काम यंत्राकडे गेले. याचे फायदे मोठे आहेत. शत्रू खरोखर दृष्टीआड राहतो, हिशेब क्षणात होतो, जोडीदार नसला तरी अडत नाही. परंतु नियम प्रोग्रॅमच्या पोटात बंद झाला. पंचाशी वाद घालता येत असे. यंत्राशी तो घालता येत नाही.

बंद पेटीचा दुसरा परिणाम अफवांचा. १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' या खेळातील गांधी अणुबाँब टाकतात, कारण त्यांच्या आक्रमकतेचा अंक १ वरून शून्याखाली जाताच चुकून २५५ होतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० मधील आत्मकथनात अशी चूक कधी नव्हतीच, असे स्पष्ट केले. आत डोकावता येत नसल्यामुळे नसलेली चूकही लोकांनी खरी मानली.

दुरुस्तीला वेळ का लागतो ?

पहिले कारण आर्थिक. या खेळांचा ग्राहक थोडा, त्यामुळे ते रचणारेही मोजकेच. दुसरे, नियम एकमेकांत गुंतलेले असतात. रसदीचा हिशेब सुधारला की हालचालीचा बिघडतो. तिसरे, जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती शोधणे कठीण. इंटरनेटमुळे दुरुस्ती पाठवणे सोपे झाले, पण त्याबरोबर अपुरा माल आधी विकून मागाहून सुधारण्याचा मोहही वाढला.

केवळ विलंब हाच मात्र खेळाडूंच्या रागाचा विषय नसावा. बुद्धिबळातही दुरुस्ती संथच होते. बळी न पडता वा प्यादे न हलता ५० चाली झाल्यास डाव बरोबरीत सोडवता येतो. काही अंत्यावस्थांत जिंकण्यास याहून अधिक चाली लागतात, हे संगणकांनीही दाखवून दिले. १९८० च्या दशकात अशा स्थितींसाठी मर्यादा वाढवली गेली व १९९२ मध्ये पुन्हा ५० वर आणली गेली. या धरसोडीतही प्रत्येक खेळाडूला चालू नियम कोणता हे वाचता येत होते.

यावरून उपायाची दिशा कळते. रचनाकाराने ज्ञात चुकांची यादी प्रसिद्ध करावी, दुरुस्तीने कोणता नियम बदलला ते सांगावे आणि पुस्तिका खऱ्या खेळाशी जुळती ठेवावी. खेळाडूनेही नुसता संताप न करता कोणती आवृत्ती, कोणती चाल, काय घडले, हे जतन केलेल्या डावासह कळवावे.

सारांश, पराभवातून शिकायचे असेल तर तो आपल्या चुकीने झाला याची खात्री हवी. आज परीक्षेचे गुण आणि प्रवेशाच्या याद्याही संगणकातून बाहेर पडतात. तेथे हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. ज्याचा निकाल मुकाट्याने मानायचा, त्याचे नियम वाचायला मिळावेत, ही मागणी तेथे अधिकच रास्त ठरते.