वाळूच्या टेकड्या राखताना : काय करावे, काय टाळावे

पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची ठेव. पावसाळी उधाणात लाटा ती वाळू ओढून नेतात. समुद्र शांत झाला की लाटा आणि वारा ती हळूहळू परत आणतात. आलेली वाळू धरून ठेवतात त्या तिथल्या वेली आणि गवत. त्यांना जागा आणि वेळ मिळवून देणे, हेच श्रमदानाचे खरे काम. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जाताना एवढे पाळा.

काय करावे

• आधी गावाला विचारा. ग्रामपंचायत आणि वनविभागाची परवानगी घ्या. रापणकार (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार) होड्या कुठून ओढतात, जाळी कुठे सुकवतात, हे समजून मगच जागा ठरवा.
• मर्यादवेल लावा. पाऊस धरल्यावर, उधाणाच्या माऱ्याबाहेर, वेलीचे तुकडे दोन-तीन पेरे वाळूत जातील असे पुरा. तुकडे त्याच किनाऱ्यावरच्या दाट वेलीतून थोडे थोडे घ्या.
• झावळ्यांचे किंवा बांबूचे कुंपण विरळ ठेवा. वारा त्यातून मंदावत गेला की वाळू खाली बसते. भरीव आडोशाशी तो उसळतो आणि पायथा खरवडतो.
• ये-जा एकाच वाटेने करा. पायांखाली वेल मेली की वारा तिथूनच टेकडी फोडतो.
• प्लास्टिक आणि तुटकी जाळी हातानेच वेचा.

काय टाळावे

• टेकडी सपाट करू नका, सुशोभीकरणासाठीही नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित गटात आहेत.
• सफाईला जेसीबी नेऊ नका. कचऱ्याबरोबर वाळू आणि कोवळी रोपेही जातात.
• समुद्राने टाकलेले शेवाळ, ओंडके उचलू नका. त्यांच्या आडोशानेच नवी वाळू साठू लागते.
• टेकडीच्या दर्शनी बाजूला सुरू लावू नका. त्याच्या सावलीत आणि गळलेल्या काड्यांच्या थराखाली मूळच्या वेली टिकत नाहीत.
• वेळास, आंजर्ले, मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा किनाऱ्यांवर कासवांच्या विणीच्या हंगामात रात्री दिवे लावू नका. घरटे दिसले तर अंड्यांना हात न लावता वनविभागाला कळवा.
• लावणी करून, फोटो काढून पाठ फिरवू नका. मोडलेले कुंपण बांधायला आणि मेलेल्या वेलीच्या जागी नवी लावायला पुढची काही वर्षे माणसे लागतील. तेवढे हात जमतील तेवढाच पट्टा हाती घ्या.