हुर्राकाचा हंगाम आणि आमची मुले

आमचे तेरेखोल गाव नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून वसलेले आहे. केरीहून फेरीबोटीने येणारा पाहुणा किल्ला पाहून परत जातो. या स्मरणिकेत आम्हांला मात्र आपल्याच घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

मार्च ते मे हा काजूचा हंगाम. बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबला की भट्टीवर चढवितात. पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक. तो पुन्हा भट्टीवर चढविला की फेणी. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्यावर पेडणे-डिचोलीकडील अनेक घरांचा संसार चालतो, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु परीक्षा संपून मुलांना सुटी लागते तीही याच दिवसांत. हुर्राक फेणीहून सौम्य. लिंबू-सोड्यात मिसळला की सरबतासारखा लागतो. मग घरचेच कोणी म्हणते, “घे रे थोडा, काही होत नाही!” आमच्यापैकी कित्येकांनी असा पेला मुलांच्या हाती दिला आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

खरोखरच काही होत नाही काय? उत्तर गोव्यातील 20 ते 49 वर्षे वयाच्या 1,899 पुरुषांची एक पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. किशोरवयातच दारू सुरू करणाऱ्यांचे प्रमाण 1956 ते 1960 मध्ये जन्मलेल्यांत शेकडा 19.5 होते, 1981 ते 1985 मध्ये जन्मलेल्यांत ते 74.3 झाले. म्हणजे पूर्वी पाचांत एक, नंतर चारांत तीन! ज्यांनी लवकर सुरुवात केली, त्यांच्यात पुढे व्यसन जडणे, नशेत इजा होणे व मनाची अस्वस्थता हीही अधिक आढळली.

याचे एक कारण शरीरशास्त्रात आहे. मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग पक्व होण्यास विशी उलटून काही वर्षे जावी लागतात. चव आधी लागते, लगाम मागाहून येतो.

गोव्याच्या 1964 च्या अबकारी कायद्याने 21 वर्षांखालील व्यक्तीस दारू विकण्यास मनाई आहे. पण कायद्याची नजर दुकानापर्यंत. घरात आईबापांचाच शब्द चालावयाचा. म्हणून आमची विनंती एवढीच: गंमत म्हणूनही मुलाच्या हाती पेला देऊ नये. बाटली आणावयास त्याला धाडू नये. तो पितो असे कळल्यास मारझोड न करता जवळ बसवून विचारावे. व्यसन जडलेच असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना गाठावे. 14446 या सरकारी क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

चांगल्या फेणीसाठी आपण झाडावरचे कच्चे बोंड ओरबाडीत नाही. पिकून आपोआप खाली पडेपर्यंत थांबतो. बोंडासाठी जो धीर धरतो, तो मुलासाठी धरावयास नको काय?