पत्ता नसलेल्या दोन सेकंदांत

२०१५ च्या पावसाळ्यात जोयड्यातल्या एका वसतिगृहाचं इंटरनेट मी सांभाळत होतो. आमच्याकडे पाऊस लागला की झाडं तारांवर पडतात आणि वीज दिवसातून कितीदा तरी जाऊन-येऊन करते. अशी वीज लुकलुकली की कधीकधी गेटवेचा संगणक गोठायचा. तो यूपीएसवर असूनही. मी यूपीएस बदलला, मेमरी बदलली, अर्थिंग नव्याने घालून घेतलं. तोवर मुलांना अर्ज भरायला बस धरून दांडेलीला जावं लागत होतं, हे मला अजून टोचतं.

पडद्यावर काय उमटलंय ते न वाचताच मी बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करत होतो. तुम्ही असं करू नका. आधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. मी काढला तेव्हा त्यात नल पॉइंटरची तक्रार आणि नेटफिल्टरच्या रीडायरेक्ट फंक्शनचं नाव स्पष्ट होतं.

गेटवेवर एक नियम होता: कुणी बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरला डीएनएसची विचारणा केली, तरी ते पॅकेट गेटवेने स्वतःकडच्या डीएनएस गाळणीकडे वळवायचं. सूपा गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. सूप्याचं टपाल जोयड्यात द्यावं, तसंच हे. वळवताना लिनक्स कर्नल ज्या इंटरफेसवरून पॅकेट आलं त्याचाच पहिला पत्ता घेतो. पण त्या क्षणी इंटरफेसला पत्ताच नसेल तर?

तो क्षण मीच तयार केला होता. नेटवर्कचा स्विच साध्या प्लगवर होता. तो बंद होऊन सुरू झाला की माझी स्क्रिप्ट जुना पत्ता पुसायची, दोन सेकंद थांबायची आणि पुन्हा लावायची. वायफायचं यंत्र बॅटरीवर असल्याने मोबाइल जोडलेलेच राहत. त्या दोन सेकंदांत डीएनएसचं पॅकेट आलं की कर्नल रिकाम्या यादीतून पत्ता उचलायला जाई आणि कोसळे.

जुन्या कर्नलमध्ये हे होत नव्हतं. तिथे दोन तपासण्या एकाच ओळीत होत्या: इंटरफेसची नोंद आहे का, आणि तिच्यात पत्ता आहे का. एनएफटेबल्सलाही वापरता यावा म्हणून ३.१९ च्या वेळी हा कोड सामायिक जागी हलवला गेला आणि दुसरी तपासणी गळली. म्हणून ‘फक्त कोड हलवलाय’ असा बदल दिसला की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून अट न् अट ताडून बघा. मला स्वतःला तर नव्या कोडपेक्षा हलवलेल्या कोडचीच धास्ती जास्त वाटते.

दुरुस्तीत मी आणखी एक चूक केली. पत्ता नसेल तर पॅकेट तसंच पुढे सोडायचं, असं मी लिहिलं. संगणक कोसळायचा थांबला, मी खूश झालो. पण नॅटचा नियम प्रवाहाच्या पहिल्याच पॅकेटला लागतो. पुढचा निर्णय कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये नोंदलेला असतो. माझ्या गेटवेवर उलट-मार्गाची तपासणी बंद होती, त्यामुळे सुटलेलं पॅकेट थेट बाहेर गेलं, आणि त्याच पोर्टवरून पुन्हा विचारणारे मोबाइल पत्ता परत आल्यावरही गाळणीला वळसा घालत राहिले. कोसळणं निदान दिसतं तरी. हे दिसतही नव्हतं. अधिकृत दुरुस्तीत हरवलेली अट परत आली आणि पत्ता नसेल तर पॅकेट टाकून दिलं जातं. विचारणारा थोड्या वेळाने पुन्हा विचारतोच. ४.४ पासून ही दुरुस्ती कर्नलमध्ये आहे, नोंद सीव्हीई-२०१५-८७८७.

प्रयोग चालत्या गेटवेवर करू नका. आभासी यंत्रात दोन नेटवर्क नेमस्पेस करून ते वीथच्या जोडीने जोडा. एका टोकाला रीडायरेक्टचा नियम लावून त्याचा पत्ता काढा आणि दुसऱ्या टोकाने पॅकेट पाठवा. पाठवणाऱ्या बाजूला समोरचा हार्डवेअर पत्ता हाताने नोंदवा. पत्ता नसलेलं टोक एआरपीला उत्तर देणार नाही, मग पॅकेट निघणारच नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. माझे दोन दिवस इथेच गेले. दुरुस्तीनंतर पत्ता परत लावून कनेक्शन ट्रॅकिंगची यादीही तपासा.

आणि आयपीव्ही६ चं फंक्शन वेगळं लिहिलेलं आहे, तेही उघडा. तिथे एका इंटरफेसला अनेक प्रकारचे पत्ते असतात, पहिला सापडलेला कामाचा असेलच असं नाही. त्या निवडीची दुरुस्ती २०२३ मध्ये झाली.