धोट्याचे छिद्र : यंत्र, आराखडा आणि सम्यक आजीविका

सम्यक आजीविका हे आर्य अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग होय. अभ्यासवर्गात हा विषय निघाला की आपण बहुधा अंगुत्तर निकायात सांगितलेल्या पाच वर्ज्य व्यापारांची यादी म्हणतो : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. यादी संपली की पाठही संपला असे वाटते. परंतु आज आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली अभियंते, नकाशाकार, संगणकाचे जाणकार झाली आहेत. त्यांच्यापैकी काहीजण विचारतात, "आम्ही शस्त्रे विकत नाही, दारू विकत नाही. आम्ही नकाशा काढतो, यंत्राची जुळणी करतो, संगणकासाठी आज्ञावली लिहितो. मग आमच्या आजीविकेत अकुशल ते काय असणार ?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर शोधण्यासाठी सोलापूरच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहराचे पोट कापडावर चालत आले आहे. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तरी चादर आणि टॉवेल विणणारे माग राहिले. त्या मागावरील एका लहानशा वस्तूपासून आपण सुरुवात करू. ती वस्तू म्हणजे धोटा.

१. धोटा काय सांगतो ?

मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा नेतो तो धोटा. धोट्याच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते आणि तिचे टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर काढलेले असते. कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो आणि टोक पुन्हा त्या छिद्रातून ओढून घेतो. जुन्या धोट्याचे हे छिद्र असे केलेले होते की टोक बाहेर काढण्याचा सर्वांत जलद उपाय म्हणजे छिद्राला ओठ लावून श्वासाने धागा ओढणे. दिवसभरात अशा कितीतरी कांड्या बदलाव्या लागत. एकाच मागावर पाळीपाळीने निरनिराळे विणकर काम करीत आणि तोच धोटा अनेकांच्या ओठांना लागे.

यातून दोन अनर्थ घडले. पहिला आरोग्याचा. सुताचे तंतू आणि रंग विणकराच्या तोंडात जात. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाई. क्षयाच्या त्या काळात हे किती भयंकर होते हे सांगावयास नको. इंग्लंड-अमेरिकेतील कामगार या रीतीला मृत्यूचे चुंबन म्हणत.

दुसरा अनर्थ आपल्या देशातला. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना कताईच्या खात्यांत काम मिळे, पण विणाई खात्यात, म्हणजे साचेखात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की, धागा तोंडाने ओढावा लागतो. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा स्पृश्याने ओठांना कसा लावायचा? साचेखात्यातील मजुरी कताईपेक्षा अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे विटाळाच्या या नियमाने कोणाच्या ताटातली भाकरी काढून घेतली ते कळते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धोटा तयार करणाऱ्या विलायती कारागिराला जातिभेद ठाऊकही नसेल. त्याच्या मनात कोणाविषयी द्वेष नव्हता. त्याने फक्त काम जलद व्हावे एवढेच पाहिले. तरीही त्याने ठेवलेल्या छिद्रात आपल्याकडची अस्पृश्यता येऊन बसली आणि हजारो माणसांची वाट तिने अडवली. म्हणून, हेतू वाईट नव्हता एवढ्याने आराखडा करणाराची जबाबदारी संपत नाही.

२. जबाबदार कोण ?

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने तो चालला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मिळावा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपाशी धरला. नाराजीनेच का होईना, ती मागणी घेण्यात आली. ती मालकांसमोर गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, अशा अर्थाचे उत्तर मालकांनी दिले, असे बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे.

या उत्तराचा आपण शांतपणे विचार करू. मालक म्हणाले, आम्ही जबाबदार नाही. अडवणूक कामगारच करतात. कामगार म्हणणार, आम्ही तरी काय करणार, धोटाच तसा आहे. धोटा बनवणारा म्हणणार, मी तर लाकडाचा तुकडा घडवला, तो कोण कोणाला लावू देतो याच्याशी माझा काय संबंध ? अशा रीतीने प्रत्येकाने हात झटकले. अन्याय मात्र रोज सकाळी भोंग्याबरोबर सुरू होत राहिला.

आणि उपाय नव्हता असेही नाही. हाताने धागा ओवता येईल असे धोटे तयार झालेले होते. अमेरिकेत १८९० नंतरच्या दशकात आलेल्या नॉर्थरॉपच्या स्वयंचलित मागावर तर धागा आपोआप ओवला जाई. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढण्याच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये मात्र बंदीसाठी १९५२ साल उजाडावे लागले. म्हणजे दोष दूर करण्याची विद्या हाती होती. ती वापरण्याची निकड ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांना वाटली नाही, कारण त्यांचे स्वतःचे ओठ त्या धोट्याला लागत नव्हते.

३. यंत्राविषयी बाबासाहेबांची भूमिका

मग यंत्रच वाईट काय ? बाबासाहेबांचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधीजींवरील ग्रंथात त्यांनी यंत्राचा कैवार घेतला आहे. यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. यंत्रयुगात जे दुष्परिणाम दिसतात त्यांचा दोष त्यांनी यंत्राकडे न देता चुकीच्या समाजरचनेकडे दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. यंत्राचा लाभ ते चालवणाऱ्या माणसालाही झाला पाहिजे, हाच त्यामागचा विचार होता.

म्हणून आपण यंत्राला भिण्याचे कारण नाही. पण यंत्र निर्दोष असते असे समजून त्याच्यापुढे डोळे मिटण्याचेही कारण नाही. प्रत्येक यंत्रात ते करणाऱ्याने घेतलेले निर्णय असतात. ते निर्णय तपासता येतात आणि बदलताही येतात.

४. आजचे धोटे

तोंडाने ओढण्याचा धोटा मागे पडला; बिनधोट्याचे मागही आले. परंतु तशी छिद्रे आजही आपल्या भोवती आहेत. तीन-चार उदाहरणे पाहू.

(अ) कारखान्याची इमारत. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागली. मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार असे आठ जीव गेले. त्या एका इमारतीच्या गुणदोषांविषयी आम्ही येथे काही म्हणत नाही. परंतु सूत, कापूस आणि विजेच्या तारा जेथे एकत्र असतात आणि माणसे त्याच छताखाली झोपतात, तेथे बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठे आहे, हा प्रश्न नकाशा काढतानाच विचारला पाहिजे. बाहेर पडण्याचे दार बाहेरच्या बाजूस उघडावे, माणसे आत असताना त्यास कुलूप नसावे, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घालून दिले होते. आपल्या पूर्व भागात घर आणि मागाची शेड एका भिंतीला लागून असते; तेथे तर हा प्रश्न घराघराचा आहे. तंतूंच्या धुळीने जडणारा छातीचा विकार आणि मागांच्या खडखडाटाने येणारे बहिरेपण यांचेही मूळ पुष्कळदा शेडच्या रचनेत, हवा खेळण्याच्या सोयीत असते.

(आ) अंगठ्याचे यंत्र. स्वस्त धान्य दुकानात ठसा घेऊन धान्य देण्याची पद्धत आली. चोरी थांबावी हा हेतू चांगलाच होता. परंतु आयुष्यभर विडीचे पान कापून, वळून ज्यांची बोटे झिजली, दगड-विटा उचलून ज्यांच्या ठशांच्या रेषा पुसल्या, त्यांचा ठसा यंत्राला पुष्कळदा ओळखता येत नाही. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. ठसा जुळला नाही म्हणून कोणास धान्य नाकारू नये, दुसरा मार्ग वापरावा, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही दुकानासमोर उभी राहिलेली वृद्धा यंत्र नाही म्हणाले की मुकाट्याने परत जाते. यंत्र करणाऱ्याने कचेरीत बसणाऱ्यांची बोटे गृहीत धरली. कष्टकऱ्यांची बोटे त्याच्या मनात आली नाहीत.

(इ) गटाराचे झाकण. हाताने मैला साफ करण्यास व माणसाला गटारात उतरवण्यास बंदी करणारा २०१३ चा कायदा त्या वर्षी ६ डिसेंबरला अमलात आला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दलची भरपाई ३० लाख रुपये केली. तरीही विषारी वायूने माणसे मरतात, आणि ती बहुतेक कोणत्या समाजाची असतात हे आपणास ठाऊक आहे. ज्या मैल्याच्या टाकीच्या नकाशात यंत्राचा नळ पोहोचण्याची सोय नाही, त्या नकाशाने माणूस आत उतरणार हे आधीच ठरवून टाकलेले असते. केरळातील तरुण अभियंत्यांनी गटार साफ करणारे 'बँडीकूट' हे यंत्र बनवले आणि २०१८ पासून ते वापरात आले. हीही आराखड्याचीच करामत होय. ज्या विद्येने माणूस खाली उतरवला, त्याच विद्येने त्याला वर ठेवता येते.

(ई) संगणकाचा निवाडा. आता नोकरीचे अर्ज चाळण्याचे काम संगणकाकडे दिले जाते. जुन्या नोंदी दाखवून त्याला शिकवले जाते. अमेझॉन या मोठ्या कंपनीने असा प्रयत्न केला होता. पूर्वीच्या अर्जांत पुरुष अधिक होते म्हणून ते यंत्र स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागले आणि कंपनीने तो प्रयोग सोडून दिला, हे २०१८ साली उघडकीस आले. आपण कल्पना करू की, १९२८ पूर्वीच्या साचेखात्याची हजेरीपत्रके अशा यंत्राला शिकवली. यंत्र काय शिकेल ? अस्पृश्याला विणता येत नाही, हेच शिकेल. आणि जुनी रूढी आता गणिताच्या भाषेत बोलू लागेल. रूढीशी वाद घालता येतो. गणिताशी वाद घालायला सामान्य माणूस धजत नाही, म्हणून हा धोका मोठा आहे.

५. राहुलाला दाखवलेला आरसा

मग करावयाचे काय ? मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला एक उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे ते विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. तसेच प्रत्येक कर्म पाहून, तपासून करावे, असे भगवान सांगतात. हे तपासणे तीन वेळा करावयाचे आहे : कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. त्या कर्माने स्वतःला, इतरांना किंवा दोघांनाही पीडा होते काय, एवढेच पाहावयाचे.

हा उपदेश नकाशाच्या फळ्यावर तंतोतंत लागू पडतो.

काम सुरू करण्यापूर्वी विचारावे : हे कोण वापरणार ? त्यांच्यात सर्वांत दुबळा कोण ? त्याला आपण भेटलो काय ?

काम चालू असताना विचारावे : खर्च किंवा वेळ वाचवण्यासाठी जे गाळले जात आहे, त्याची किंमत कोण देणार ? ती देणारा या बैठकीत आहे काय ?

काम संपल्यावर विचारावे : प्रत्यक्षात काय घडले ? तक्रार आली तर ती ऐकून घेण्याची सोय आपण ठेवली काय ? दोष आढळला तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे ?

यातील तिसरी पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. इमारत उभी राहिली, बिल निघाले, की नकाशाकार निघून जातो. धोट्याचा दोष माहीत होऊनही दशकानुदशके तसाच राहिला तो याच कारणाने.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणाला साहेबासमोर नाही म्हणणे सोपे नसते. घरी कर्ज असते, बहिणीचे शिक्षण असते. त्याने पहिल्याच दिवशी राजीनामा द्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण दोष दिसला तर तो लिहून कळवणे, दुसरा पर्याय खर्चासह मांडणे, आणि एकट्याचे ऐकले जात नसेल तर सहकाऱ्यांना बरोबर घेणे, एवढे प्रत्येकाला शक्य आहे. जीव जाणार हे स्पष्ट दिसत असेल तेथे मात्र सही करू नये. तेथे गप्प राहून मिळवलेली भाकरी सम्यक आजीविकेची नव्हे.

६. आपल्यावरील विशेष जबाबदारी

ही जबाबदारी सर्वांचीच आहे. तरी आपल्या समाजातील तंत्रज्ञांवर ती अधिक आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना साच्याला हात लावू दिला नाही, त्यांची नातवंडे आज यंत्रांचे आणि इमारतींचे आराखडे करीत आहेत. सोलापुरातच अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत आणि त्यांतून दरवर्षी आपली मुले बाहेर पडत आहेत. छिद्राच्या पलीकडे उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते ज्ञान त्यांनी कामावर बरोबर न्यावे. कोणीतरी आपल्यासाठी वेगळा धोटा करील म्हणून आपल्या पूर्वजांनी वाट पाहिली. आज तो करणे आपल्या हाती आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. १९२८ च्या संपात मालकांनी दिलेल्या उत्तरात कितपत तथ्य होते ? जबाबदारी कोणाकोणाची व किती होती ?

२. हेतू शुद्ध असूनही ज्याने पीडा होते, अशी तुमच्या कामाच्या ठिकाणची एक वस्तू किंवा पद्धत सांगा. ती कशी बदलता येईल ?

३. आपल्या वस्तीतील विहार, समाजमंदिर किंवा कारखाना घ्या. आग लागल्यास बाहेर पडण्याच्या वाटा मोजा. वृद्ध व अपंग व्यक्तीस त्या उपयोगी पडतील काय, ते प्रत्यक्ष चालून पाहा आणि पुढील बैठकीत सांगा.