दीर्घ दुखण्याच्या मुलाची जोपासना : एका वर्षाचा पाठ

ज्या घरी जन्मापासून दुखणाईत असलेले मूल असते, त्या घरी येणारा मनुष्य बहुधा दोनच प्रश्न विचारतो. "असे कशाने झाले?" हा पहिला, आणि "हे बरे कधी होणार?" हा दुसरा. दोन्ही प्रश्न कळकळीने विचारलेले असतात, म्हणून विचारणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु आमच्या मुलीच्या जोपासनेत गेल्या जूनपासून या जूनपर्यंत जे वर्ष गेले, त्यात आम्हां उभयतांस असे कळून आले की, तिसरा एक प्रश्न या दोहोंहून महत्त्वाचा आहे, आणि तो क्वचितच कोणी विचारतो. तो असा: "उद्या आईबापच अंथरुणास खिळले, तर हिचे कोण करील?" या प्रश्नाचे उत्तर ज्या घराने अगोदर तयार ठेवले आहे, त्या घरचे मूल पुष्कळ संकटांतून तरून जाते. वाचकांपैकी कोणाच्या घरी अथवा शेजारी असे मूल असेल, त्यांस उपयोग व्हावा म्हणून त्या वर्षाचा पाठ येथे क्रमाने मांडीत आहो.

१. दुखण्याचे स्वरूप

प्रथम पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ. गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांच्या आत गर्भाच्या पाठीवरील एक उघडी पन्हळ मिटून तिची नळी होते. याच नळीपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू तयार होतात. खालच्या बाजूस ती नीट मिटली नाही, म्हणजे कणा तेथे उघडा राहतो व मज्जातंतूंस इजा होते. या दुखण्यास स्पायना बायफिडा म्हणतात. आमच्या मुलीचे पाय त्यामुळे अशक्त आहेत, पावलांस स्पर्श कळत नाही, आणि लघवी व शौच यांवर तिचा ताबा नाही. अशा पुष्कळ मुलांप्रमाणे तिच्याही डोक्यात पाणी साचू लागले, म्हणून मेंदूपासून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी बसवावी लागली. तिला शंट म्हणतात.

या गोष्टी घडतात, तेव्हा आपल्याला दिवस गेले आहेत हे पुष्कळ स्त्रियांस कळलेलेही नसते. म्हणून ग्रहणात विळी हाती धरली, अमुक खाल्ले, अथवा कोणाचे पाप फळास आले, असे जे तर्क गावात लढविले जातात, त्यांस काही आधार नाही. त्यांनी एवढेच होते की, आधीच खचलेल्या आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढते.

प्रतिबंधाचा एक उपाय मात्र निश्चित सापडला आहे. सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांस पूर्वी असे मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या अगोदरपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतले असता, पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. इतर स्त्रियांस रोज ४०० मायक्रोग्रॅम घेण्याची शिफारस आहे. ते दिवस राहण्यापूर्वीच सुरू केले पाहिजे, कारण दिवस गेल्याचे कळेपर्यंत नळी मिटण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. नवविवाहित मुलींस ही गोष्ट वडीलधाऱ्या बायांनी अवश्य सांगावी, आणि ज्यांस पूर्वी असे मूल झाले आहे त्यांनी मात्रा डॉक्टरांस विचारून घ्यावी. हा उपाय केला तरी प्रत्येक बाळ निर्दोष जन्मेल असे नाही. तेव्हा ज्या आईस असे मूल झाले, तिनेच काही चुकविले असा उलटा अर्थ कोणी काढू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात आहे. इजा झालेले मज्जातंतू पूर्ववत होत नाहीत. परंतु त्या इजेतून पुढे जे नुकसान होते, त्यातील पुष्कळसे टाळता येते, आणि ते टाळणे हे घरचे काम आहे.

२. तीन तासांचा नेम

मुलीची लघवी आपोआप पुरती होत नाही. ती मूत्राशयात साठून राहिली, तर जंतू वाढतात आणि कालांतराने मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून सकाळी ६ पासून रात्री ९ पर्यंत दर तीन तासांनी स्वच्छ नळीने ती काढावी लागते. दिवसातून सहा वेळा, म्हणजे वर्षात २,१९० वेळा हे काम होते. पूर्वी अशी समजूत होती की, हे काम इस्पितळातील पूर्ण निर्जंतुक पद्धतीवाचून करता येणार नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली असे दाखवून दिले की, साबणाने धुतलेले हात व स्वच्छ नळी एवढ्याने भागते. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे होणे हेच मुख्य. त्यांच्या या शोधामुळे हे काम इस्पितळातून निघून खेड्यातील मातीच्या घरातही होऊ लागले.

शौचाचीही वेळ ठरवावी लागते. भरपूर पाणी, पालेभाजी व जेवणानंतर ठरल्या वेळी बसविणे, यांनी बद्धकोष्ठ आटोक्यात राहते. पावलांस चटका कळत नाही, म्हणून उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर ती रांगू नये याकडे लक्ष ठेवावे, अंघोळीचे पाणी आपल्या कोपराने पाहावे, आणि रोज सायंकाळी दिव्याजवळ नेऊन तळपाय व बैठकीची जागा तपासावी. कॅलिपर काढल्यावर कातडीवरील लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तो कोठेतरी रुततो आहे असे समजून दुरुस्त करून घ्यावा. यात विद्वत्तेचे काम काहीच नाही. परंतु यातील एकही गोष्ट "उद्या पाहू" म्हणून टाकता येत नाही, आणि नेमका याच ठिकाणी माणसाचा धीर सुटतो.

३. वही

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीस पाच वर्षे पुरी झाली, त्या वेळी आम्ही २०० पानांची एक जाड वही घातली. पहिल्या पानावर दुखण्याचे नाव, झालेल्या शस्त्रक्रियांच्या तारखा, औषधे व त्यांचे प्रमाण, मुलीचे वजन आणि डॉक्टरांचा दूरध्वनी लिहिला. त्याखाली तांबड्या शाईने "रबर वर्ज्य" असे लिहिले. या मुलांपैकी पुष्कळांस लेटेक्स रबराची वावडी असते व ती कधीकधी जिवावर बेतते. यास्तव हातमोजे व नळ्या दुसऱ्या पदार्थाच्या लागतात, आणि जत्रेतील फुगाही हाती देता येत नाही.

दुसऱ्या पानावर दिवसाचे वेळापत्रक आहे. तिसऱ्यावर शंट बंद पडल्याची लक्षणे आहेत: डोके दुखणे, वारंवार वांती, नेहमीहून अधिक गुंगी, नजर तिरपी होणे, झटका येणे. ताप आला अथवा नळीच्या वाटेवर लाली दिसली, तर जंतू शिरल्याची शंका घ्यावी. चौथ्या पानावर कोणास कोणते काम येते, हे नावानिशी लिहिले आहे. वहीच्या वेष्टनात शिधापत्रिकेची व ओळखपत्रांची प्रत ठेविली आहे. जे आईच्या डोक्यात असते ते आईबरोबर आजारी पडते. जे वहीत असते ते कोणासही वाचता येते.

४. तिसरे माणूस

वही स्वतः काम करीत नाही, त्यासाठी माणूस लागते. मुलीची आत्या आमच्याच वाड्यात राहते. तिचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले आहे, पण हात स्वच्छ आणि स्वभाव शांत. जुलै महिन्यात तिने तीन दिवस नुसते पाहिले, तीन दिवस आईच्या सोबतीने केले, आणि सातव्या दिवसापासून एका वेळची पाळी एकटीने घेतली. या कामी मुलीची लाज राखणे अगत्याचे आहे. म्हणून दार लावून घ्यावे, काय करणार ते तिला अगोदर सांगावे, आणि तिने "थांब" म्हटले तर थांबावे. ज्यांचे हात चांगले चालतात अशी पुष्कळ मुले शाळकरी वयात हे काम स्वतःच करू लागतात. पुढे तिला स्वतःस जे करावयाचे आहे, त्याची शिकवण अशी हळूहळू होते.

सप्टेंबरात मुलीच्या आईस डेंग्यू झाला. आठ दिवस ती तालुक्याच्या दवाखान्यात होती, आणि बापास तिच्याजवळ राहणे भाग पडले. त्या आठ दिवसांत आत्याने ४८ वेळा नळी घातली, आणि प्रत्येक वेळेस वहीत खूण केली. आम्ही परत आलो तेव्हा एकही चौकट रिकामी नव्हती.

५. जानेवारीतील रात्र

जानेवारीत एके दिवशी सकाळी मुलगी "डोके दुखते" म्हणाली. दुपारी तिला दोनदा वांती झाली, आणि दिवेलागणीस ती बसल्या जागी पेंगू लागली. ताप नव्हता, जुलाबही नव्हते. खेड्यात मुलास वांती झाली म्हणजे पोट बिघडले असे समजण्याचा प्रघात आहे, आणि बहुधा ते खरेही असते. परंतु आजीने वहीचे तिसरे पान उघडून बोटाने तीन लक्षणे मोजली आणि म्हणाली, "हे पोटाचे नव्हे." तालुक्याच्या तरुण डॉक्टरांनी ते पान उभ्या उभ्याच वाचले, आणि वेळ न घालविता १०८ क्रमांकाची गाडी मागवून आम्हांस शहरास पाठविले. पहाटे तपासणीत नळी वरच्या टोकास बंद पडलेली आढळली. त्याच दिवशी ती बदलण्यात आली आणि नवव्या दिवशी आम्ही घरी आलो. अशा वेळी उशीर झाला तर दृष्टी जाते, प्रसंगी प्राणही जातो.

या नळीतील झडपेची हकीकत वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. १९५५ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराजवळ जॉन होल्टर नावाच्या यंत्रकारागिराच्या घरी असेच मूल जन्मले. त्या काळच्या नळ्या वारंवार बंद पडत. त्याने शल्यवैद्य यूजीन स्पिट्झ यांच्या साहाय्याने सिलिकोनची, एकाच दिशेस उघडणारी झडप घडविली, आणि १९५६ पासून ती रोग्यांस बसविण्यात येऊ लागली. होल्टर वैद्य नव्हता. आपल्या मुलाचे दुखणे तो जवळून पाहत होता, आणि हाताशी असलेली विद्या त्याने त्या कामी लाविली. प्रत्येक बापास झडप घडविता येणार नाही; परंतु जवळून पाहणे व पाहिलेले लिहून ठेवणे प्रत्येकास साधते.

६. शाळा

या जूनमध्ये मुलगी सहा वर्षांची होऊन पहिलीत गेली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तसेच २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जन्मजात व्यंगांची तपासणी होते, त्यांत हे दुखणे आहे. त्या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व शाळेत येते, तेव्हा आईबापांनी मूल घरी लपवून ठेवू नये.

हक्क असला तरी शिक्षकांस भीती वाटणे साहजिक आहे. आम्ही मे महिन्यात वही घेऊन शाळेत गेलो व सर्व काम समजावून सांगितले. पोषण आहाराच्या खोलीशेजारची कडी असलेली एक लहान खोली आम्हांस मिळाली. दुपारी १२ वाजता आत्या तेथे जाते, दहा मिनिटांत काम आटोपते, आणि मुलगी पुन्हा वर्गात बसते. चौथ्या पानावर आता आशाताईंचे व एका शिक्षिकेचे नाव चढले आहे. गुंगी व वांती दिसताच काय करावयाचे, हे त्या जाणतात.

७. शेजाऱ्यांचे कर्तव्य

वर्षभर अखंड जागलेली माणसे थकतात, आणि थकलेल्या माणसास बहुधा मदत मागताही येत नाही. "काही लागले तर सांगा" असे म्हणून निघून जाणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याने भार हलका होत नाही. आमच्या शेजारच्या एक काकू काही न विचारता दर शनिवारी दुपारी दोन तास येऊन बसतात. त्या मुलीस गोष्टी सांगतात, आणि आम्ही दोघे झोपतो. वर्षात आम्हांस मिळालेल्या देणग्यांत याहून मोठी देणगी नाही. शेजाऱ्याने एक वार, एक वेळ व एक काम ठरवून घ्यावे आणि ते चुकवू नये, एवढेच मागणे आहे.

असे मूल वाढविणे दोन माणसांच्या शक्तीबाहेरचे आहे, चार-पाच माणसांच्या मात्र आवाक्यातले आहे. म्हणून ज्या आईबापांचे वर्ष आता सुरू होत असेल, त्यांस आमचे सांगणे असे की, प्रथम वही घाला, आणि ती पुरी होण्याची वाट न पाहता तिसरे माणूस शिकवावयास घ्या.

विचारार्थ प्रश्न

(१) आपल्या गावात दीर्घ दुखण्याची किती मुले आहेत? त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय?
(२) त्यांपैकी प्रत्येकाच्या घरी आईखेरीज मुलाचे काम जाणणारे दुसरे कोण आहे?
(३) फॉलिक ॲसिडची गोष्ट गावातील नवविवाहित मुलींस कोण व केव्हा सांगील?
(४) आठवड्यातील कोणते दोन तास आपण अशा एखाद्या घरास देऊ शकाल?