आधी कान, मग डोळे

पोरी, जुन्या सिनेमाची डीव्हीडी आणलीस की बघायच्या आधी ती ऐक. धारवाडात राहतेस, घरात हार्मोनियम आहे. दुकानातल्या मोठ्या टीव्हीपेक्षा तिचा भरवसा जास्त.

‘गुळाचा गणपती’ घे. १९५३ चा, पुलंचा, आणि त्यात आपले भीमसेनअण्णा गायलेत. गाणं लागलं की पेटीवर पट्टी शोध. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पॅल पद्धतीची डीव्हीडी २५ नी. म्हणजे सगळं चार टक्के पळतं. डोळ्यांना ते कळत नाही, पण आवाज चढतो. काळी एकचा सूर पांढरी दोनच्या थोडा अलीकडं जाऊन बसतो, ना धड या पट्टीत ना त्या. पण एवढ्यावर निकाल देऊ नकोस हं. त्या काळी वाद्यं तरी सगळीकडं एकाच मापानं कुठं लावायचे?

म्हणून दुसरा पुरावा घे, सेन्सॉरचं प्रमाणपत्र. लोक ते पुढं ढकलतात. तू थांबव आणि वाच. त्यावर फिल्मची लांबी असते, जुन्यांत फुटांत, नंतर मीटरमध्ये. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे साधारण २७.४ मीटर. ३,७०० मीटर लिहिलं असेल तर सिनेमा १३५ मिनिटांचा. डिस्क १३० च्या आसपास भरली तर नुसता पळवलाय. ११८ भरली तर बारा मिनिटं कुणीतरी खाल्ली, आणि खाताना पहिला घास गाण्याचाच घेतात. एकाच डिस्कवर तीन सिनेमे कोंबलेले असतील तर हे गणितही करू नकोस, ठेव परत. अंधारातल्या प्रसंगात नुसते चौकोन दिसतात.

खरखर अजिबात नाही म्हणून खूश होऊ नकोस. खरखर पुसताना वरचे बारीक स्वर पुसले जातात, आणि तंबोऱ्याची जवारी तिथंच असते. मागचा तंबोरा मुका वाटला, तर साफसफाई जास्त झाली. थोडी खरखर राहिलेली बरी. मूळ मोनो आवाजाचा पर्याय असेल तर तोच लाव. पाच स्पीकरांत वाटलेला तबला पाठीमागून वाजायला लागला की मला तरी उठून जावंसं वाटतं.

चित्राचं थोडक्यात. त्या काळचा पडदा जवळजवळ चौकोनी, चारास तीन. नव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते बरोबर आहे. पट्टे नकोत म्हणून चित्र ताणलं तर तंबोऱ्याचा भोपळा आडवा सुजतो, आणि वरून-खालून छाटलं तर पाव चित्र जातं. चेहरे मेणाचे दिसले तर फिल्मचा दाणाही पुसलाय. आधी आपल्या टीव्हीचं शार्पनेस मात्र उतरव. पुष्कळदा दोष डिस्कचा नसतोच.

तुझं सासर कन्नड, तेव्हा सबटायटल बघणारच. गाणं सुरू झालं की ती गप्प होतात का, ते तपास. ‘संत तुकाराम’मध्ये अभंगांखाली ओळी नसतील तर तुझ्या सासूबाईंना निम्मा सिनेमा कळलाच नाही.

वेष्टनावर ‘नव्यानं दुरुस्त केलेली प्रत’ असं दिसलं, तर कशावरून केली ते लिहिलंय का बघ. आपल्या गिरीश कर्नाडांनी काम केलेला ‘मंथन’ १९७६ चा. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त करून २०२४ मध्ये कान्सला दाखवला, तेव्हा चित्र मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून आणि आवाज थिएटरच्या प्रिंटवरून घेतल्याचं उघड सांगितलं. ज्याला लपवायचं नसतं तो एवढं सांगतोच. ट्रेलर आणि फोटोंसाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस. छायालेखकाची किंवा संगीतकाराची मुलाखत असेल तर मात्र घासाघीस न करता घे.