पोरगा आळशी, की त्याचं घड्याळ उशिराचं?

प्रश्न : मुलगा नांदेडला विद्यापीठात एम.एस्सी. करतो. सुट्टीला घरी आला की रात्री दोनपर्यंत जागा आणि सकाळी दहापर्यंत गोधडीत. ‘रात्रीच डोकं चालतं’ म्हणतो. मी पाचला उठून शेतात जातो. याला आळस म्हणायचं का?
– एक वाचक, कंधार

उत्तर : लगेच म्हणू नका. झोप कधी यायची, अंगाचं तापमान कधी उतरायचं, हे मेंदूतला पेशींचा एक बारीक पुंजका ठरवतो. त्याचा फेरा सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो. डोळ्यांवर पडणारा उजेड तो फेरा रोज दिवसाशी जुळवतो. कुणाचं घड्याळ पुढं, कुणाचं मागं, यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची एक प्रश्नावली केली, ती आजही वापरतात. ५९ किंवा जास्त गुण पडले तर माणूस सकाळचा, ४१ किंवा कमी पडले तर रात्रीचा. बहुतेक जण अधेमधेच सापडतात.

त्यात वयाची भर. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं, की पोरवयापासून झोपेची वेळ उशिराकडं सरकत जाते, विशीच्या आसपास टोक गाठते आणि मग परत फिरते. वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण एम.एस्सी.चा मुलगा म्हणजे पन्नाशी जवळ असणार. पाचला जाग येण्यात शिस्त आहेच, वयही आहे.

शिवाय भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. कंधार त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य इथं साधारण वीस मिनिटं मागं चालतो. घड्याळात सात वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबानं पावणेसातही झालेले नसतात.

पोराची बाजू इथवरच. दोनपर्यंत जागण्यात मोबाइल आणि ट्यूबलाइटचाही हात असतो. अमेरिकेत २०१३ मध्ये काही जणांना आठवडाभर विजेच्या दिव्यांविना तंबूत ठेवलं, तर त्यांचं शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडं आलं. मात्र रात्रीच्या लाइटीला तोच दारं धरायला जात असेल, तर दहापर्यंतची झोप निव्वळ भरपाई. तिथं बोलूच नका.

त्याला शेतात जरूर न्या, पण उद्याच पाचला ओढून नको. दहाला उठणाऱ्याच्या शरीरात सकाळचे सहा म्हणजे अजून रात्रच. त्या वेळचा लख्ख उजेड घड्याळ आणखी उशिराकडं ढकलू शकतो. आधी साडेनऊला उठवून उन्हात आणा, तीन-चार दिवसांनी नऊला, मग साडेआठला. रविवारची सूट नाही. रात्री दिवे मंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पेपर सकाळचे असतील तर हे तीन-चार आठवडे आधी सुरू करा. आदल्या रात्री लवकर झोप म्हटलं तर तो नुसता कुशी बदलत पडेल.